एका म्यानात दोन अँटिव्हायरस

संगणक रखडला की म्हापसा असो वा फोंडा, दुरुस्तीवाल्याचा उपाय ठरलेला: आणखी एक अँटिव्हायरस टाका! अहो, आधीचा कोण काढणार? उघडणारी प्रत्येक फाइल दोघांनाही आधी तपासायची असते. टास्क मॅनेजरमध्ये (संगणक कशात गुंतलाय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर अडकतो आणि साधं वर्डचं पत्र उघडता उघडत नाही. नुसतं अनइन्स्टॉल करून बरेचदा भागत नाही, त्याचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत खोल बसलेले छोटे प्रोग्राम, मागे उरतात. सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू होतं ती अवस्था) जाऊन जुन्या अँटिव्हायरसच्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा, रीस्टार्ट करा, मगच दुसरा टाका. मुळात विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस असतोच. दुसरा आला की तो आपणहून बाजूला होतो, दुसरा काढला की परत कामाला लागतो. मग गिऱ्हाइकाच्या माथी दोन-दोन वर्गण्या कशाला मारता?