चाकावर काळी पूड म्हणजे पॅड डुप्लिकेट? त्या मेसेजची तपासणी

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून येतच असतो. त्याचा सारांश असा: पुढच्या चाकांवर काळी पूड साचली म्हणजे गॅरेजवाल्याने डुप्लिकेट ब्रेक पॅड टाकले. ती टॉयलेट क्लीनरने धुवा, मग चाकाला तेलाचा हात फिरवा. कायमचा उपाय हवा तर सिरॅमिक पॅड घाला, पूड शून्य.

आधी डुप्लिकेटचं बघू. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर (धातूच्या चकतीवर) आवळले जातात आणि दोन्ही झिजतात. म्हणजे त्या पुडीत पॅडचा माल असतो, तसंच बिडाच्या डिस्कचं लोखंडही असतं. कंपनीतून बसवून आलेल्या पॅडचीही पूड पडतेच. किती पडेल ते पॅडच्या मिश्रणावर ठरतं. युरोपीय गाड्यांच्या पॅडमध्ये बहुधा धातूचे तंतू जास्त असतात, त्यामुळे पकड जोरदार आणि पूडही भरपूर. जपानी-कोरियन गाड्यांचे पॅड सहसा कमी पूड सोडतात. तेव्हा शेजाऱ्याची चाकं लख्ख दिसतात म्हणून मेकॅनिकशी भांडण काढण्यात अर्थ नाही. डुप्लिकेट पॅड बाजारात आहेतच, पण ते नुसत्या पुडीवरून ओळखता येत नाहीत.

‘मागची चाकं स्वच्छ आहेत, मग पुढचीच काळी का?’ हा त्या मेसेजमधला हुकमी सवाल. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून जास्त काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे बंद डब्यासारखा ब्रेक असतो. तिथली पूड आतच राहते, ड्रम उघडला की दिसते. (ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, नाकातोंडात जाते. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.) शंका घ्यायचीच तर पुढच्या डाव्या-उजव्या चाकांतल्या फरकावर घ्या. एक बाजू जास्त काळी, आणि गाडी चालवून थांबल्यावर त्याच चाकाजवळ जास्त झळ लागत असेल, तर कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन किंवा पिस्टन अडकलेला असू शकतो. हे मात्र लगेच दाखवा.

टॉयलेट क्लीनरने पहिल्या धुण्यात चाक चमकतं, हे खरं. पण त्यात साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते अलॉय चाकावरचा लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, खराब करतं, आणि जिथे लॅकर उडालेला आहे तिथे ॲल्युमिनियम खातं. मग उठलेले पांढरट डाग पॉलिशनेही सहजी जात नाहीत. चाक थंड असताना भरपूर पाणी, कार शॅम्पू आणि मऊ ब्रश पुरतो. पूड आठवडेच्या आठवडे राहिली तर त्यातलं लोखंड गंजून रुतून बसतं. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारल्यावर लोखंडाशी प्रक्रिया होऊन जांभळे ओघळ येतात. तो वाळू न देता धुवायचा.

तेलाबद्दल फार बोलायला नको. तेलकट चाकावर पूड जास्तच चिकटते, आणि त्यातलं थोडं जरी तेल डिस्कवर गेलं तरी ब्रेकची पकड कमी होते. तेलाचा हा सल्ला फॉरवर्ड करणाऱ्याने गाडी स्वतः चालवून बघावी, उतार नसलेल्या रस्त्यावर.

सिरॅमिक पॅडची पूड कमी असते आणि रंगाने फिकट, त्यामुळे डोळ्यांत भरत नाही. शून्य नसते. युरोपियन युनियनच्या युरो 7 या वाहन-प्रदूषणाच्या नियमांत ब्रेकच्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा आली, तीही शून्याची नाही, पेट्रोल-डिझेल मोटारींना किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅमची. पॅड बदलायचेच असतील तर आपल्या मॉडेलसाठी बनलेलेच घ्या.

मेसेजमध्ये नसलेला, फुकटचा उपाय म्हणजे ब्रेकच कमी लागेल असं चालवणं. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, सिग्नल लांबून दिसला की ॲक्सिलरेटर सोडा. बोरघाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनला गाडी धरू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकलं तर सगळा भार पॅडवर येतो आणि पायथ्याशी पोचेपर्यंत ब्रेकचा वास यायला लागतो.