त्या खोलीतला माझा माणूस चार नंबर

ट्वेल्व्ह अँग्री मेन (१९५७ चा, सिडनी ल्युमेटचा) परत बघितला. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक पोरगा दोषी की नाही, हे बारा ज्युरर, म्हणजे कोर्टाने निवडलेली साधी माणसं, एका खोलीत बसून ठरवतात, एवढीच गोष्ट. ह्या सिनेमाबद्दल बोलताना सगळे आठ नंबरच्या ज्युररवर फिदा असतात, हेन्री फोंडा, शांत आवाज, अकरा विरुद्ध एक वगैरे. भारीच आहे तो. पण मला विचाराल तर त्या खोलीतला खरा ज्युरर चार नंबर आहे, तो चष्मेवाला शेअर ब्रोकर, ज्याला म्हणे घामच येत नाही.

आठ नंबरने चाकूचं जे केलं ना, ते खऱ्या कोर्टात चालणारच नाही. हा गडी पोराच्या वस्तीत जाऊन सहा डॉलरला खुनातल्या चाकूसारखाच चाकू विकत घेतो आणि ज्युरीच्या टेबलात खुपसतो. सीन जबरदस्त, पण ज्युररने कोर्टात आलेल्या पुराव्यावरच ठरवायचं असतं, असा स्वतःच तपास केला तर अख्खा खटला रद्द होऊ शकतो. त्यापेक्षा खुनानंतर पोराला पळताना बघितलं म्हणणारा तो म्हातारा साक्षीदार आपल्या दारापर्यंत पंधरा सेकंदात पोचला की नाही हे घराचा नकाशा मागवून, स्वतः पाय ओढत चालून बघणं, एकेचाळीस सेकंद निघतात, ते काम चोख.

आता चार नंबर बघा. साधूबिधू नाहीये तो, झोपडपट्टीतल्या पोरांबद्दल त्याची मतं वाईटच आहेत. पण बोलतो ते पुराव्यावर. खुनाच्या वेळी सिनेमाला गेलो होतो म्हणणाऱ्या पोराला तो सिनेमाच आठवत नव्हता हा त्याचा मुद्दा त्याच्यावरच उलटवला जातो, त्याचीही आठवण चुकते, चक्क घाम येतो, आणि तरी तो मत बदलत नाही, कारण रेल्वेलाइनपलीकडच्या बाईने खून डोळ्यांनी बघितला असं सांगितलंय आणि ती साक्ष अजून उभी आहे. बरोबरच आहे की, एक मुद्दा ढिला झाला म्हणून केस पडत नाही. मग म्हातारा नऊ नंबर त्याला नाक चोळताना बघतो, तसेच चष्म्याचे वण त्या बाईच्या नाकावर होते हे निघतं, बाई तर अंथरुणात पडून बघितलं म्हणाली होती, आणि चष्मा घालून झोपत नाही कोणी हे चार नंबर स्वतःच कबूल करतो. झालं, त्याच मिनिटाला त्याचं मत बदलतं. मानभंग नाही, आरडाओरड नाही.

ह्याच्या उलट सात नंबर, खिशात बेसबॉलचं तिकीट, वारं फिरलं म्हणून हाही फिरला. अकरा नंबरचा घड्याळजी त्याला झापतो, का बदललंस सांग म्हणून, तर ह्याला धड सांगता येत नाही. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते, तीन नंबरच्या आरडाओरड्याची नाही, कारण मोजणी उलटी फिरली असती तर ह्याने पोराला तितक्याच सहज इलेक्ट्रिक चेअरवर बसवलं असतं.

आणि हो, पोरगा निर्दोष होता असं सिनेमा कुठेच सांगत नाही. मला स्वतःला तर वाटतं त्यानेच केलं असेल. पण त्या बाईची साक्ष गेल्यावर हातात राहतं काय, कुठेही मिळणारा चाकू, बापलेकाचं भांडण आणि न आठवणारा सिनेमा. एवढ्यावर मी तरी हो म्हटलं नसतं.