दवाखान्यात वकिलाचं काय काम? भरपूर आहे

ज्येष्ठांच्या छळाबद्दल व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: 'हा घरचा मामला. डॉक्टरांनी औषध द्यावं. दवाखान्यात कायदा आणला तर कोर्टकचेऱ्या होतील आणि म्हातारी माणसंच रस्त्यावर येतील.' माझं म्हणणं उलट आहे: छळ सोसणाऱ्या ज्येष्ठांना दवाखान्यातच मोफत कायद्याचा सल्ला मिळायला हवा.

आधी 'घरचा मामला'. ज्या आजींना उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत, त्या पोलीस ठाण्यात कधी पोचणार? दवाखान्यात मात्र त्यांना आणावंच लागतं. दंडावर बोटांचे वळ, केसपेपरवर 'बाथरूममध्ये पडल्या', आणि आजींना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मुलाचं. ड्रेसिंगच्या निमित्ताने सिस्टर त्याला बाहेर थांबवतात, तेवढ्याच वेळात आजींना मोकळं बोलता येतं. तेव्हा पुढचा रस्ता सांगणारं कुणी जवळ नसेल, तर जखम बांधून आपण त्यांना त्याच घरी धाडतो.

कोर्टकचेरी म्हणाल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे जातो. निर्वाहाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाली काढायचा असतो, फार तर आणखी 30. स्वतःला जमत नसेल तर अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. तारखा लांबतात, हे खरं. म्हणूनच अर्ज पहिल्यांदाच नीट भरून देणारं माणूस हवं.

'रस्त्यावर येतील' ही भीती मी हलकी मानत नाही. पण घर जातं ते बऱ्याचदा आजारपणात, खाटेवर बक्षीसपत्राला अंगठा लावून घेतला जातो तेव्हा. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, याच कायद्याच्या कलम 23 खाली परत मिळू शकते. ही अट असायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं; 2025 मध्ये ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावून ताबाही परत देवविला. अटीची ती ओळ दस्तात घालून घ्या, हे अंगठ्याआधी कोण सांगणार? आणि सल्ला मिळाला म्हणजे तक्रार केलीच पाहिजे असं नाही. ते आजींनी ठरवायचं.

दवाखान्याला हे झेपत नाही, असंही म्हणू नका. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही स्वयंसेवी संस्था यांनी 2000 साली हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र उभं केलं. बायकांना उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेचा हक्क 1987 च्या कायद्यानेच दिलाय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं माणूस आठवड्यातून दोनदा दवाखान्यात रुग्णांच्या अडचणी पाहणाऱ्या समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलाशेजारी बसवा. तोवर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 केसपेपरवर तरी छापा.