हातभट्टीवाले आले तेव्हा शर्यत पंचवीस वर्षांची झाली होती

ती गोष्ट तुम्हीही वाचली असेल. नास्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या बाजारी मॉडेलांच्या गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेचा, विषय निघाला की कुणीतरी ती सांगतोच. अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी आली. दक्षिणेतल्या डोंगराळ भागातली पोरं हातभट्टीची दारू रात्री गाड्यांतून शहरात पोचवू लागली. पोलिसांना हुलकावणी द्यायची म्हणून त्यांनी इंजिनं खोलून गाड्या पळत्या केल्या. मग रविवारी, कुणाची गाडी जास्त पळते यावर पैजा लागल्या. कुणाच्या तरी कुरणात फेऱ्या मारून मारून मातीचा गोल तयार झाला, बघायला गाव लोटलं, आणि अमेरिकेत मोटारशर्यत जन्माला आली. शेवटी एक वाक्य हमखास असतं: कंपनी नाही, पैसा नाही, ठरवाठरवी नाही, निखळ मर्दानी खेळ!

गोष्ट फक्कड आहे. तिच्यात थोडं खरंही आहे, ते शेवटी सांगतो. पण जन्मदाखला साफ खोटा आहे. मातीवरची मोटारशर्यत वाढली ती जत्रेत, घोड्यांच्या ट्रॅकवर, तिकीट लावून. एकेक मुद्दा घेऊ.

‘दारूबंदीच्या काळात शर्यती सुरू झाल्या’

हा मुद्दा तारखांवरच कोसळतो. दारूबंदी लागू झाली जानेवारी १९२० मध्ये. शिकागोच्या रस्त्यांवर मोटारींची शर्यत झाली ती नोव्हेंबर १८९५ मध्ये. रस्ता सोडून बंदिस्त ट्रॅकवर शर्यत आली ती पुढच्याच वर्षी, ७ सप्टेंबर १८९६ ला, ऱ्होड आयलंड राज्यात क्रॅन्स्टन इथे. जागा होती नॅरागान्सेट पार्क, म्हणजे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, आणि निमित्त होतं राज्याची जत्रा. पेट्रोलच्या गाड्याही होत्या, पण पहिल्या आणि दुसऱ्या आलेल्या दोन्ही गाड्या विजेवर चालणाऱ्या होत्या. जिंकली ती रायकर कंपनीची गाडी. आज ‘इलेक्ट्रिक गाडीत काय मजा’ म्हणणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं.

१० ऑक्टोबर १९०१ ला डेट्रॉइटजवळ ग्रोस पॉइंटच्या घोड्यांच्या ट्रॅकवर हेन्री फोर्डने दहा मैलांच्या शर्यतीत अलेक्झांडर विंटनला हरवलं. विंटन तेव्हाचा नावाजलेला गाडीवाला, फोर्ड पहिला धंदा बुडालेला माणूस. या विजयानंतर त्याला पुन्हा भांडवलदार मिळाले. १९०३ मध्ये विस्कॉन्सिनच्या जत्रेच्या मैदानावर, मिलवॉकीला लागून असलेल्या वेस्ट ॲलिसमध्ये, मोटारी धावल्या. त्या ट्रॅकवर १९५४ पर्यंत मातीच होती. त्याच १९०३ सालच्या २० जूनला इंडियानापोलिसच्या जत्रेच्या मैदानावर बार्नी ओल्डफील्ड या ड्रायव्हरने गोल ट्रॅकवर एक मैल ५९.६ सेकंदांत कापला. मिनिटाच्या आत मैल, गोल ट्रॅकवर, पहिल्यांदा. तेव्हा दारूची दुकानं राजरोस उघडी होती.

‘कुरणात फेऱ्या मारून ट्रॅक तयार झाला’

मला सर्वांत खटकतो तो हा भाग, कारण यात एका अख्ख्या व्यवस्थेचं श्रेय पुसलं जातं.

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत, विशेषतः मध्य-पश्चिमेच्या शेतीप्रधान राज्यांत, ‘काउंटी फेअर’ भरते. आपल्याकडची गावजत्रा आणि कृषी प्रदर्शन एकत्र केलं तर तिची थोडीफार कल्पना येईल: बैलांची, डुकरांची निवड, मक्याच्या कणसांना आणि लोणच्या-मुरंब्यांना बक्षिसं, पाळणे, खाऊची दुकानं. भरवणारी असते शेतकऱ्यांची सोसायटी. एकोणिसाव्या शतकात या जत्रांचं सगळ्यात मोठं आकर्षण होतं घोड्यांची शर्यत, तीही दुडक्या चालीच्या घोड्यांची. मागे दोन चाकांची हलकी गाडी, तिला ‘सल्की’ म्हणतात, आणि तिच्यात बसलेला हाक्या. त्यासाठी जत्रेच्या मैदानात मातीचा लांबट गोल असायचा. छोट्या गावात अर्ध्या मैलाचा, राज्याच्या जत्रेत मैलाचा. त्याला लाकडी कठडा, समोर छपराचा ग्रँडस्टँड, मैदानाला कुंपण आणि कुंपणाला तिकिटाची खिडकी.

म्हणजे मोटार आली तेव्हा सगळं तयार होतं. ट्रॅक, बसायची जागा, गर्दी, गल्ला आणि जत्रेचा सेक्रेटरी, ज्याला दर वर्षी काहीतरी नवं दाखवायचंच होतं. शर्यतीचा शब्दसंग्रहसुद्धा घोड्यांचाच उचलला. ‘हीट’ म्हणजे एकाच दिवशी पुन्हा पुन्हा पळवायच्या छोट्या फेऱ्या, ‘पोल’ म्हणजे आतल्या कठड्याकडची जागा. डावीकडे वळत जाणारी दिशाही घोड्यांचीच. ‘अमेरिकन ड्रायव्हरला उजवीकडे वळताच येत नाही’ हा विनोद करणाऱ्यांनी तो घोड्यांवरही करून पाहावा.

घोडेवाल्यांना मात्र हे पाहुणे आवडत नसत. मोटारींच्या चाकांनी माती उखडते, वळणावर चर पडतात, आणि दुडक्या चालीच्या घोड्याला गुळगुळीत जमीन लागते. म्हणून पुष्कळ ठिकाणी तोडगा निघाला: आठवडाभर घोडे, आणि जत्रेच्या शेवटच्या दिवशी मोटारी. मोटारींनी ट्रॅकची वाट लावली तरी दुसऱ्या दिवशी कुणाला पळायचं नाही. शर्यतीआधी कुळव फिरवायचा, पाणी मारायचं, वर रोलर. तरी दोन फेऱ्यांत धूळ उठायचीच. पुढे असणाऱ्यालाच काय ते दिसायचं, मागचे पुढच्याच्या धुळीत आणि ढेकळांच्या माऱ्यात अंदाजाने गाडी हाकत. धूळ बसावी म्हणून काही ठिकाणी तेल शिंपडायचे.

वळणं तर घोड्यांच्या हिशोबाची, जवळजवळ सपाट. तिथे मोटारीला वेग राखायचा तर एकच उपाय: मागची चाकं मुद्दाम घसरू द्यायची आणि पुढची चाकं उलट, उजवीकडे फिरवून गाडी तिरकी धरायची. आज मातीवरची शर्यत म्हटलं की डोळ्यांपुढे हेच तिरकं घसरणं येतं. ते पोलिसांना चुकवताना शोधलेलं कौशल्य नाही, घोड्यांच्या ट्रॅकने गाडीवाल्यांवर लादलेली गरज आहे.

आणि तो कठडा. घोडा आत शिरू नये म्हणून बांधलेल्या लाकडी फळ्यांनी किती जीव घेतले! जिमी मर्फी, १९२१ ची फ्रेंच ग्रांप्री आणि १९२२ ची इंडियानापोलिस ५०० जिंकणारा, १५ सप्टेंबर १९२४ ला न्यूयॉर्क राज्याच्या जत्रेत, सिरॅक्यूसच्या मैलाच्या ट्रॅकवर त्या कठड्यावर आदळून मेला. याच ट्रॅकवर १९११ मध्ये एक गाडी कुंपण फोडून प्रेक्षकांत घुसली होती आणि अनेक जण दगावले होते. कुरणातल्या रविवारच्या पैजेत हे सगळं बसवून दाखवा.

‘पैसा नाही, ठरवाठरवी नाही’

इथे मला हसूच येतं. या खेळात ठरवाठरवी इतकी होती की तिला स्वतंत्र शब्द होता: ‘हिप्पोड्रोमिंग’. आपल्या फडावर तिला नुरा कुस्ती म्हणतात.

बार्नी ओल्डफील्ड हा या कलेचा उस्ताद. ओहायोतल्या वॉसिऑनजवळ जन्मलेला, मूळचा सायकलपटू. तोंडात न पेटवलेला सिगार, तो शोभेचा नव्हता: खडबडीत ट्रॅकवर दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तो चावून धरायचा. विक्रम त्याने खरोखर केले. पण कमाई झाली ती गावोगावच्या जत्रांत. आपल्याच गाड्या आणि आपलेच भाडोत्री ‘प्रतिस्पर्धी’ रेल्वेने घेऊन यायचं आणि तीन हीट लावायच्या. एक बार्नी जेमतेम जिंकणार, एक हरणार, आणि तिसऱ्या हीटमध्ये ग्रँडस्टँड उभा राहिला की शेवटच्या वळणावर पुढे सरकणार. १९१४ मध्ये त्याने वैमानिक लिंकन बीची याला जोडीला घेतलं. खाली मातीवर ओल्डफील्डची मोटार, वर त्याच गोलावर बीचीचं विमान. जिंकायचं कुणी, हा प्रश्न गौण होता, पुष्कळांनी विमान आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

फसवणूक म्हणायची का ही? माझं मत असं की पन्नास मैलांवरून बग्गीतून आलेल्या शेतकऱ्याला त्याच्या पैशाचा पुरेपूर मोबदला मिळाला. पण ‘निखळ’ हा शब्द इथे चालणार नाही.

मोठ्या शर्यतींची मान्यता देणारी अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या प्रकारांवर नाक मुरडायची. १९१० मध्ये ओल्डफील्डने हेवीवेट बॉक्सिंगचा कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन याच्याशी शर्यत लावली, तेव्हा तिने त्याला निलंबित केलं. नियामक संस्थेच्या बाहेर धावणाऱ्याला मातीच्या ट्रॅकच्या बोलीत ‘आउटलॉ’ म्हणतात. १९७८ मध्ये सुरू झालेल्या, मातीच्या छोट्या ट्रॅकवर धावणाऱ्या हलक्या ‘स्प्रिंट कार’ गाड्यांच्या ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ मालिकेच्या नावात तोच अर्थ आहे. माझा कयास असा की ‘आउटलॉ’ हा शब्द ऐकूनच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दारूचे डबे येतात.

मग जत्रांनीच वेगळी चूल मांडली. १९१५ मध्ये इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशन उभी राहिली ती जत्रांच्या शर्यतींसाठी, आणि तिच्या कार्यक्रमांवर जे. ॲलेक्स स्लोन या प्रवर्तकाची पकड होती. जत्रांच्या सेक्रेटऱ्यांशी करार, छापील पोस्टर, ठरलेले दर. कंपनी नाही म्हणता? हा तर फिरता तमाशाफड होता, हिशोबाच्या वह्यांसकट. ही संस्था अजून चालू आहे.

‘मर्दानी खेळ’

जोन न्यूटन क्युनियो १९०९ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सला राल्फ डी पाल्मासारख्या कसलेल्या गड्याच्या मागोमाग दुसरी आली. त्यानंतर अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने बायकांना शर्यतीत उतरायलाच बंदी केली. जत्रांनी वाट काढली: एल्फ्रीडा मेस घड्याळाविरुद्ध एकटीच फेऱ्या मारायची आणि कसरती दाखवायची. १९३४ मध्ये बर्मिंगहॅमला, अलाबामा राज्याच्या जत्रेत, पेटत्या भिंतीतून गाडी काढण्याच्या कसरतीत ती गेली.

वर्णबंदीही होती, म्हणून कृष्णवर्णीयांनी आपली शर्यत उभी केली. २ ऑगस्ट १९२४, इंडियानापोलिस, जिथे ओल्डफील्डने मिनिटाच्या आत मैल कापला तोच जत्रेचा ट्रॅक, शंभर मैल. ‘गोल्ड अँड ग्लोरी स्वीपस्टेक्स’. पहिल्या वर्षी माल्कम हॅनन जिंकला. पुढे चार्ली विगिन्स या मेकॅनिकने स्वतः बांधलेल्या गाडीवर ती चार वेळा जिंकली. तेव्हा इंडियानात कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा जोर होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या शंभर मैलांचं वजन कळतं. १९३६ च्या शर्यतीतल्या अपघातात विगिन्सचा पाय गेला आणि शर्यतही तिथेच थांबली. व्हायरल गोष्टीत याला एक ओळ मिळत नाही.

‘नास्कार म्हणजे हातभट्टीवाल्यांचं अपत्य’

आता खरं किती ते. अटलांटात लेकवूड नावाचा मैलाचा मातीचा ट्रॅक होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये तिथे लॉइड सी जिंकला. तो आणि रॉय हॉल हे दोघे दारूच्या गाड्या हाकणारे, आणि त्यांच्या शर्यतीच्या गाड्यांचा मालक रेमंड पार्क्स यानेही याच धंद्यात पैसा केलेला. सी सप्टेंबर १९४१ मध्ये लेकवूडला जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी दारूसाठी लागणाऱ्या साखरेच्या हिशोबावरून चुलत भावाच्या गोळीने मेला. १९४५ मध्ये लेकवूडला हातभट्टीवाल्यांना उतरू देऊ नये म्हणून ओरड झाली, तर गर्दीने त्यांच्याच नावाचा पुकारा केला, आणि हॉल जिंकला. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण लेकवूड काय होतं? जत्रेचं मैदान. तयार ट्रॅक, तयार ग्रँडस्टँड. हातभट्टीवाले उभ्या घरात राहायला आले, त्यांनी ते बांधलं नाही.

शिवाय साल पाहा. या ड्रायव्हरांची लाडकी गाडी म्हणजे फोर्डची आठ सिलिंडरची व्ही-८. ती बाजारात आली १९३२ मध्ये, आणि देशव्यापी दारूबंदी उठली डिसेंबर १९३३ मध्ये. म्हणजे व्ही-८ आणि हातभट्टीची जोडी मुख्यतः दारूबंदी उठल्यानंतरची आहे. तेव्हाची लपवाछपवी होती ती दारूवरचा कर बुडवण्यासाठी, आणि जिथे स्थानिक बंदी कायम राहिली तिथे माल पोचवण्यासाठी.

फ्लोरिडात डेटोनाच्या वाळूवर ८ मार्च १९३६ ला शर्यत झाली, तिच्यात पाचवा आलेला बिल फ्रान्स पुढे नास्कारचा संस्थापक झाला. ती शर्यत आखली कुणी? सिग हाउगडाल या नॉर्वेत जन्मलेल्या ड्रायव्हरने, जो १९२७ ते १९३२ सलग सहा वर्षं त्याच जत्रावाल्या असोसिएशनचा विजेता होता. आणि १९ जून १९४९ ला शार्लटच्या मातीवर नास्कारची बाजारी मॉडेलांच्या गाड्यांची पहिली शर्यत झाली, तेव्हा पहिल्या आलेल्या ग्लेन डनअवेच्या फोर्डचे मागचे स्प्रिंग बदललेले निघाले. दारूच्या वजनाने गाडी बसू नये म्हणून करायची ती ठरलेली युक्ती. परीक्षकांनी त्याला बाद केलं. बक्षीस गेलं कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरला.

नास्कारच्या मुख्य मालिकेने माती सोडली ती ३० सप्टेंबर १९७० ला. जागा होती रॅले, नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या जत्रेचं मैदान, अर्ध्या मैलाचा ट्रॅक. जिंकला रिचर्ड पेटी. पुन्हा मातीवर धावायचं ठरलं २०२१ मध्ये, तेव्हा त्यांनी ब्रिस्टलच्या काँक्रीटवर ट्रकांनी माती आणून पसरली.