पोच मागू नये

मुलाला रात्री साध्या वेशातल्या दोघांनी ‘साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांत सोडतो’ म्हणत घरातून नेलं, तर सगळ्यात आधी वकिलाला फोन करू नका. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. फार तर उद्या दुपार.

आणि फोन केलाच, तर वकील तरी बघून घ्या. साहेबांच्या केबिनमध्ये ज्याला चहा मिळतो, असा. आमच्या परळच्या चाळीतल्या मावशी इथेच चुकल्या. त्यांनी बोलावली एक बाई, लोकलनं येणारी, खांद्याला झोळी. पावणेबाराला ठाण्यात शिरून तिनं ठाणे अंमलदाराला विचारलं, “अटक आहे का?”

“नाही मॅडम, चौकशी चाललीय.”

“मग घरी जाऊ दे त्याला.”

“साहेब आल्याशिवाय कसं सोडणार?”

“म्हणजे अटक आहे. पंचनामा दाखवा.”

दिवसभर बंदोबस्त करून आलेल्या माणसाला रात्री असली कोडी घालायची असतात का? पण बाई तिथेच बाकावर बसली, अर्ज लिहिला, वर ११.५० अशी वेळ टाकली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. शिक्का कपाटात होता, कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब राउंडला. बाईनं अर्जाचा फोटो काढला, उपायुक्तांना ईमेल केला आणि कंट्रोल रूमला फोन लावला. शिक्का सापडला. टेबलाच्या खणातच होता, स्टॅम्पपॅडसकट.

ज्याला पोच नसते तोच पोच मागतो, असं माझं मत आहे.

कारण त्या शिक्क्यानं नुकसान फार होतं. राज्यघटनेचं २२ वं कलम म्हणतं, अटक केलेल्याला २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. आता हे २४ तास कधी सुरू झाले, ते स्टेशन डायरी समजुतीनं ठरवते. तिच्या समोर ११.५० चा कागद आला की बिचारीला खरं बोलावं लागतं. तरी सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगून ठेवलंय की अटकेच्या कागदावर वेळ आणि तारीख हवी, घरच्याची किंवा प्रतिष्ठित माणसाची सही हवी, पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी. नावाची पट्टी! उद्या कोणी नावानं हाक मारेल. २०२० मध्ये तर ठाण्याठाण्यात सीसीटीव्ही बसवून चित्रण शक्यतो १८ महिने जपायला सांगितलं. कॅमेरा नेमका त्याच रात्री नादुरुस्त असतो, ही देवाची कृपा.

मोबाइल मारला गेला तर ‘चोरी’ म्हणू नका. ‘गहाळ’ लिहितात, गहाळ म्हणा. दखलपात्र गुन्हा नोंदवायलाच हवा, असं सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१३ मध्ये सांगितलंय खरं. पण ते दिल्लीत, आणि तुम्ही दादरला रांगेत.

या खोडीपायी केवढा घोळ होतो बघा. नोव्हेंबर २००६. वाशीहून एकाला उचललं. त्याच्या वकील भावानं त्याच दिवशी बड्या अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स धाडले. संध्याकाळी वर्सोव्यात ‘चकमक’ झाली. एरवी पेपरात चार ओळी आल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण ते कागद बसले ना तसेच! २००९ मध्ये हायकोर्टानं विशेष तपास पथक नेमलं, २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं पोलिसांना जन्मठेप दिली आणि मार्च २०२४ मध्ये, आधी निर्दोष सुटलेल्या बड्या अधिकाऱ्यालाही हायकोर्टानं दोषी धरलं. निकालाविरुद्ध सुप्रीम कोर्टात जावं लागलं. कामाच्या माणसांची सतरा वर्षं वाया, दोन-चार फॅक्सपायी.

माहिती अधिकाराचा तर विचारही नको. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्यात वर दीडशे शब्दांची मर्यादा. एवढ्यात काय विचारणार?

मावशींचा मुलगा रात्री अडीचला घरी आला. बाईला फी विचारली, तर म्हणाली, टॅक्सीचे द्या, शेवटची लोकल गेली. ती पोच मावशींनी देव्हाऱ्यात, लाइट बिलाखाली ठेवलीय. टाका फाडून म्हणून आम्ही सांगून दमलो. बाईनं मात्र जाताना बजावलं होतं, झेरॉक्स काढून ठेवा, शिक्क्याची शाई उडते.