रोज उकळी दिली की खोका टिकतो?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकच मेसेज तिघांनी टाकला. म्हणणं असं: विकतच्या चिकन स्टॉकचा, म्हणजे कोंबडी उकळून काढलेल्या पाण्याचा, खोका फोडला तरी फ्रीज लागत नाही. रोज एक उकळी दिली की आठवडाभर टिकतो. त्यात मीठ असतंच. वास येईपर्यंत आणि खोक्यावरची तारीख उलटेपर्यंत खुशाल वापरा. परभणीत, ते पण मे महिन्यात!

उकळीचंच आधी घेते, खरा घोळ तिथं आहे. उकळीनं बहुतेक जंतू मरतात, हे खरं. पण काहींचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपलेलं त्यांचं रूप, उकळीतूनही वाचतात आणि पातेलं कोमट झालं की पुन्हा वाढायला लागतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स त्यातलाच. मांसाचा रस्सा त्याला फार आवडतो आणि सगळ्यात जास्त मानवतं ते 43 ते 47 अंश तापमान. म्हणजे आमची मेमधली दुपार. दुसरा स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो आपल्या हातावर, नाकात असतो आणि पळीबरोबर पातेल्यात जातो. तो उकळीत मरतो, पण मरायच्या आधी सोडलेलं विष उकळीला दाद देत नाही. त्या विषाला वासही नसतो, त्यामुळे हुंगून बघण्यात अर्थ नाही.

राहिलं मीठ. नेहमीच्या कपभर स्टॉकमध्ये ते साधारण 2 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 1 टक्का. एवढ्यानं काही टिकत नाही. स्टॅफिलोकोकस तर 10 टक्के मिठातही वाढतो. पण दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खावं म्हणतात, त्या हिशेबानं हे कमी नाही. येसर आमटीत हा स्टॉक घालणार असाल तर वरचं मीठ चाखून मगच टाका.

तारखेचं सोपं आहे: ती न फोडलेल्या खोक्याची. आतला माल निर्जंतुक करून हवाबंद भरलेला असतो, म्हणून तो कपाटात महिनोन्‌महिने राहतो. कात्री लागली की ती तारीख विसरायची. न फोडताच फुगलेला खोका तर चाखूनही बघू नका.

मी उरलेला स्टॉक झाकणाच्या डब्यात ओतून लगेच फ्रीजमध्ये ठेवते आणि 3-4 दिवसांत संपवते. बाहेर 2 तासांच्या वर नाही. पारा 32च्या पुढं असेल तर तासभरच, आणि आमच्याकडं तो असतोच. लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडायचं नाही, 4 तास निभतात. जास्तीचा स्टॉक बर्फाच्या ट्रेमध्ये, 2-3 महिने चव राहते. भाजीला दोन वड्या टाकल्या की काम झालं. बरणीत गोठवत असाल तर वर बोटभर जागा सोडा. पाणी गोठताना फुगतं. माझी एक काचेची बरणी अशीच तडकली.

मेसेज टाकणाऱ्या काकूंना मी फोन केला. म्हटलं, "काकू, तुमचा खोका किती दिवस टिकला?"

"खोका? मी कशाला आणू माय? आमच्यात कोंबडीच आणतेत."