काळं पडलेलं केळं विषारी नसतं

‘डब्यातलं केळं दुपारपर्यंत काळं पडलं की ते विषारी होतं, मुलांना देऊ नका’ असा मेसेज जळगाव-भुसावळकडच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात राहून आपणच हे पुढे ढकलावं, कमाल आहे!

गरम डब्याला चिकटून, दप्तरात दबून पेशी फुटतात, आतल्या द्रव्यांचा हवेशी संयोग होतो आणि साल काळी पडते. विष वगैरे काही नाही. आंबूस वास आला, पाणी सुटलं किंवा बुरशी दिसली तरच फेका. केळं सालीसकट, डब्याबाहेर ठेवा.

मात्र नुसत्या केळ्यावर पोट भरत नाही. 100 ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम 1 ग्रॅम. सोबत कळण्याची भाकरी द्या, ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळलेली, वर शेंगदाण्याची चटणी.